आईची काळजी घेतोय की तिला म्हातारी ठरवतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ७४ वर्षांची, हिशेबनीस म्हणून आयुष्यभर नोकरी केलेली, वर्षभरापूर्वी तुमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून ती तेच तेच पुन्हा विचारते. एकदा गॅस चालू राहिला. एकदा फोनवरच्या भामट्याला ओटीपी सांगता सांगता थांबली. मग तुम्ही तिचे बँकेचे व्यवहार, औषधांची डबी आणि स्वयंपाक स्वतःकडे घेतलात. आता ती गप्प गप्प असते. डॉक्टर म्हणाले, ‘वयोमानाप्रमाणे चालायचंच’. भावाचंही तेच मत. तुमची मुलगी मात्र म्हणाली की तुम्ही आजीला कुक्कुल्या बाळासारखं वागवता. आणि तुम्ही विचारताय: हा माझा पूर्वग्रह की रास्त काळजी? पूर्वग्रह असेल तर तो घालवायचा कसा?

मी वृद्धांच्या आजारांची डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण ‘आईला काय झालंय ते सांगा’ म्हणतात. आपल्या नजरेत काही खोट आहे का, असं फारसं कोणी विचारत नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आईला नेमकं काय झालंय हे मी इथून सांगू शकत नाही, आणि न तपासता कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण तुमच्या लिहिण्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. आईत काही बदल झालाय का, हा एक. त्या बदलावर घरातले आपण काय करतोय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्यात पूर्वग्रह असू शकतो. ज्यांना स्मृतिभ्रंश खरोखरच झालेला आहे, त्यांच्याबद्दल तर तो अधिकच असतो.

पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला तुच्छता, हेटाळणी आठवते. माझ्या कामात तो मला बहुतेक वेळा प्रेमापोटी आलेला दिसतो. म्हणून हेतू तपासून तो सापडत नाही. मी एकच खूण बघते: ‘वय झालं’ म्हटल्यावर पुढची चौकशी थांबते का? थांबत असेल तर तो तिथे आहे. आमच्या क्षेत्रात एक जुना विनोद सांगतात. ‘गुडघा वयामुळे दुखतोय’ म्हणणाऱ्या डॉक्टरला आजोबा विचारतात, ‘दुसरा गुडघाही तेवढ्याच वयाचा आहे, तो का नाही दुखत?’ आजोबांचा तर्क बिनतोड आहे.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते सांगते. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे शेजारच्या निर्धनांच्या जुन्या इस्पितळातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवले गेले. बहुतेक वृद्ध, काही तर वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, आणि ‘हे आता बरे होणार नाहीत’ असं सगळ्यांनी धरून चाललेलं. वॉरेन यांनी एकेकाला तपासलं, निदानं नोंदवली, उठवून बसवलं, चालायला लावलं. त्यातले बरेच जण पायांवर उभे राहिले, कित्येक घरी गेले, आणि पुढे खाटाही खूप कमी करता आल्या. त्यांच्या हातात कुठलं चमत्कारी औषध नव्हतं. एवढे लोक तिथे पडून होते कारण ‘म्हातारी आहेत’ या उत्तरावर सगळ्यांचं समाधान झालं होतं.

आता तुमच्या आईकडे वळू. ‘तेच तेच विचारते’ यामागे स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, हे मी लपवणार नाही. पण माझ्या डोक्यातली यादी त्याच्या आधी सुरू होते. तिला नीट ऐकू येतं का? जे कानावर अर्धवट पडलं ते लक्षात राहणार कसं, ती पुन्हा विचारणारच. झोप कशी आहे? थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ तपासलंय का? सर्दीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या अशा काही गोळ्या या वयात मेंदूला सुस्त करतात. त्यांतली एखादी चालू आहे का? आणि ती तिचं घर सोडून आलीय. नव्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे विचारावंच लागतं. नैराश्य हेही मोठं कारण, त्याबद्दल पुढे बोलते.

वयाबरोबर काहीच बदलत नाही, असं मात्र समजू नका. नाव चटकन न आठवणं, नवी गोष्ट शिकायला अधिक वेळ लागणं, दोन कामं एकाच वेळी करताना गोंधळ होणं, हे निरोगी माणसालाही होतं. शब्दसंग्रह आणि साठलेलं ज्ञान मात्र टिकतं, पुष्कळदा वाढतं. काळजीची लक्षणं वेगळी असतात. कालचा प्रसंग आठवण करून दिल्यावरही पूर्ण पुसलेला असणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, आयुष्यभर सराईतपणे केलेलं काम अडखळणं. तुमची आई हिशेबनीस होती. तिची तुलना ‘७४ वर्षांच्या बायकांशी’ करू नका, पाच वर्षांपूर्वीच्या तिच्याशीच करा. शिकलेली, आकड्यांत वावरलेली माणसं नेहमीच्या छोट्या चाचण्या सहज पार करतात आणि सुरुवातीची घसरण निसटते. उलट, कमी शिकलेल्या माणसाला तीच चाचणी विनाकारण आजारी ठरवू शकते. माणसं जसजशी वयस्क होतात तसतशी एकमेकांपासून अधिक वेगळी होत जातात. दोन सत्तरीतल्या व्यक्तींमध्ये जेवढा फरक असतो तेवढा दोन विशीतल्यांमध्ये नसतो. ‘या वयात असंच असतं’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यांत कमी लागू पडतं ते याच वयात.

एक गोष्ट तातडीची. गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक आला असेल आणि दिवसभरात कमीजास्त होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, लघवी तुंबणं, औषध न मानवणं अशी कारणं त्यामागे असतात, आणि बरीचशी बरी होण्यासारखी असतात.

आता गॅसकडे. मी घरच्यांना सांगते ती कसोटी साधी आहे. हीच गोष्ट चाळिशीतल्या माणसाकडून झाली असती तर तुम्ही काय केलं असतं? चाळिशीतल्या बहिणीकडून एकदा गॅस चालू राहिला तर आपण म्हणतो, ‘अगं, लक्ष कुठे होतं?’ तिचा स्वयंपाक काढून घेत नाही. तीनदा राहिला तर घड्याळाचा गजर लावायला सांगतो, नाहीतर आपोआप बंद होणारी शेगडी घेतो.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही, तेही सांगते. औषधाचा डोस वयाकडे बघून ठरवावाच लागतो. हृदयविकाराचा झटका वयस्क माणसात छातीत न दुखताही येतो. नुसती धाप, थकवा किंवा गोंधळ दिसतो. पडल्यावर हाड मोडण्याची शक्यता खरंच जास्त असते. वयाकडे पूर्ण दुर्लक्ष करणारा डॉक्टर मला ‘वय झालं’ म्हणणाऱ्याइतकाच धोकादायक वाटतो. वय हे माहितीचा भाग म्हणून वापरायचं, ते सगळ्याचं कारण समजायचं नाही.

ओटीपीचा प्रसंग तुम्ही तिच्या कमकुवतपणाचा पुरावा म्हणून दिलाय. मी तो पुन्हा वाचला. ती सांगता सांगता थांबली! म्हणजे ऐन वेळी तिला शंका आली आणि तिने स्वतःला आवरलं. तुमच्या वयाच्या एखाद्याने हे केलं असतं तर ‘सावध निघाला’ म्हणून त्याचं कौतुक झालं असतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे येणाऱ्या तक्रारींत गेल्या काही वर्षांत सातत्याने दिसतं की फसवणुकीत पैसे गेल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण विशीतल्यांत सत्तरीतल्यांपेक्षा जास्त आहे. फसलेल्या वयस्कांची रक्कम मात्र मोठी असते, म्हणून खबरदारी हवीच. पण खबरदारी म्हणजे व्यवहारांवर मर्यादा लावणं, प्रत्येक व्यवहाराचा संदेश दोघींच्या फोनवर येणं, अनोळखी फोन आला की ठेवून देऊन आपणच बँकेला फोन करायचा असं ठरवणं. हे तुमच्या स्वतःच्या खात्यालाही लावा. हिशेब ठेवणं हेच जिचं आयुष्य होतं, तिच्याकडून हिशेब काढून घेण्यात काय काय जातं याचा विचार करा. (तिच्या वतीने सही करण्याचे अधिकार वगैरे तुमच्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे, ते वकिलाला विचारा, आणि तिच्यासमोर विचारा.)

सगळ्यांत जास्त मला बोलायचंय ते कामं हातातून काढून घेण्याबद्दल, कारण पूर्वग्रह स्वतःला खरा करून दाखवतो तो इथे. १९८२ मध्ये जेरी ॲव्हॉर्न आणि एलन लँगर यांनी वृद्धाश्रमातल्या लोकांना चित्रकोडी जुळवायला दिली. एका गटाला शेजारी बसून प्रत्यक्ष मदत केली, दुसऱ्याला फक्त ‘छान चाललंय’ असं म्हणत उत्तेजन दिलं. काही सत्रांनंतर ज्यांना मदत मिळाली होती त्यांची कामगिरी घसरली. नुसतं उत्तेजन मिळालेल्यांची सुधारली. मदत करणारे वाईट नव्हते. पण प्रत्येक तुकडा पुढे सरकवताना त्यांचा हात ‘तुला जमणार नाही’ असंच सांगत होता.

शरीराचंही तेच. साधारण ६७ वर्षांच्या निरोगी लोकांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो स्नायूवजन कमी झालं, असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. ‘आई, तू बस, मी आणते’ हे दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या बाईचं वर्षाअखेर काय होत असेल? ती उठताना हात टेकायला लागते, आणि आपण म्हणतो, ‘बघा, वय दिसायला लागलं.’ उलटं उदाहरणही आहे. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहा जणांचा छोटा अभ्यास आहे, पण ‘या वयात आता काय होणार’ या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला.

म्हणून काढून घेतलेलं काम परत देताना ते तुकड्यांत मोडा. स्वयंपाक म्हणजे काय ठरवायचं, किती लागेल याचा अंदाज, चिरणं, शेगडी, चव, वेळेचं भान. यातलं नेमकं काय अडलं? बहुधा शेगडी बंद करणं एवढंच. तेवढ्याला आधार द्या, बाकीचं तिचं तिला. औषधांचंही तसंच. आठवड्याच्या खणांची डबी तिने भरावी, तुम्ही नंतर नजर टाकावी. तिला वेळ लागेल, आणि शेजारी उभं राहून हात न लावणं हे तुमच्यासाठी सगळ्यांत अवघड काम ठरेल. तपासणीत काही गंभीर निघालं तर कोणता तुकडा कोणाकडे हे बदलेल, पण पद्धत तीच राहील.

तुमच्या मुलीचं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. वयस्कांशी बोलताना आपण नकळत आवाज चढवतो, सूर गोड करतो, ‘आता आपण औषध घ्यायचं हं’ असं म्हणतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर क्रिस्टीन विल्यम्स यांनी २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात, परिचारिका असं बोलल्या की रुग्ण आंघोळ-कपड्यांसारख्या मदतीला जास्त विरोध करतात असं दिसलं. म्हणजे ज्यांना शब्द नीट कळत नसतील त्यांनाही सूर कळतो. आणि ऐकू कमी येत असेल तर ओरडण्याचा उपयोग नाही. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीतले आवाज, स-श-फ यांसारखी व्यंजनं आधी जातात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं नाहीत. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. कानांची तपासणी मात्र करून घ्याच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या (डिमेन्शियावरच्या) आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ जोखमीची कारणं मांडली. ऐकू कमी येणं आणि उपचार न झालेलं कमी दिसणं ही त्यांतली दोन. जगभरातल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांबाबत हा आजार टाळणं किंवा लांबवणं तत्त्वतः शक्य आहे, असा त्यांचा अंदाज आहे.

आता तिचं गप्प असणं. इथे पूर्वग्रह गोड रूपात येतो. वयस्क माणसं शांत असतात, निरिच्छ होतात, त्यांना आता काही नको असतं. ऐकायला हे आदराचं वाटतं, आणि त्याच्या आडून दारू, शरीरसंबंध, एकटेपणा, मरणाचे विचार यांबद्दल डॉक्टरही विचारत नाहीत. बऱ्याच लोकांचं मन उतारवयात अधिक स्थिर होतं, हे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनातून दिसलंय. पण त्याचाच अर्थ असा की दीर्घकाळ उदास राहणं हा म्हातारपणाचा स्वभाव नाही. वयस्क माणूस ‘मी दुःखी आहे’ असं सहसा म्हणत नाही. भूक जाते, पहाटे जाग येते, अंग दुखतं, आवडत्या गोष्टीत मन लागत नाही. नैराश्यामुळे विसरायलाही होतं, आणि त्यावर उपचार आहेत. तिला सरळ विचारा. तिची कामं गेल्यावर ती गप्प झाली, हा क्रम तुम्हीच लिहिलाय.

ती स्वतःबद्दल काय मानते याकडेही लक्ष द्या. २००१ च्या एका प्रयोगात तरुण आणि वयस्क लोकांना तीच माहिती लक्षात ठेवायला दिली. ‘ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे’ असं सूचनांत ठसवल्यावर वयस्क मागे पडले. तो उल्लेख टाळला तेव्हा फरक उरला नाही. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये दाखवलं की स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक, तसं न बघणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तो निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे, त्यामुळे नजर बदलली की आयुष्य हमखास वाढेल असा हिशोब मांडू नका. पण घरात दिवसातून दहा वेळा ‘तुला आठवतंय का?’ असं तपासणं थांबवता येईल. आणि ती ‘माझं डोकं आता चालत नाही’ म्हणाली की ‘छे, तू कुठे म्हातारी!’ असं म्हणू नका. म्हातारं असणं लाजिरवाणं आहे, हेच त्यातून पुन्हा सांगितलं जातं. ‘काय अडलं, दाखव’ एवढं पुरे.

पूर्वग्रह घालवायचा कसा, असं विचारलंत. नुसतं मनाला बजावून तो जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दर दोघांपैकी एकाची वयस्कांकडे बघण्याची दृष्टी पूर्वग्रहाची असते, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळ्या नाही. त्याच अहवालात कायदा आणि शिक्षण यांच्याबरोबर पिढ्यांमधल्या संपर्काचा उपाय दिलाय. माझा अनुभव असा की संपर्कात वयस्क माणूस काही देत असेल तरच तो कामाला येतो. शेजारी बसून फोटो काढण्याने काही होत नाही. तुमच्या मुलीला हिशेब ठेवणं शिकायचं असेल तर घरात उत्तम शिक्षिका आहे. पण तिला खरंच शिकायचं असेल तरच. आजीला बरं वाटावं म्हणून केलेलं नाटक आजीला पहिल्या दिवशी कळेल.

थोडक्यात क्रम असा ठेवा. कान, डोळे, औषधं, रक्ततपासणी, मनःस्थिती आणि स्मरणशक्ती यांची रीतसर तपासणी दुसऱ्या डॉक्टरांकडे करून घ्या. जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत न्या, दुकानातून आपणहून आणलेलीसुद्धा. तोवर एकच काम परत द्या, बहुधा हिशेब. स्वयंपाक त्यानंतर, शेगडीचा बंदोबस्त करून. यातलं काहीही तिला न विचारता ठरवू नका. ती ‘नको, तूच कर’ म्हणाली तर तोही तिचा निर्णय आहे, मात्र महिन्याभराने पुन्हा विचारा.

राहिला भाऊ. त्याच्याशी पूर्वग्रहावर वाद घालून काही साधणार नाही, उलट तो दुखावेल. त्याला काम द्या. दोन आठवडे त्याने आईबरोबर वेळ घालवून लिहून ठेवावं: काय विसरली, किती वाजता, आदल्या रात्री झोप झाली होती का, खोलीत गोंगाट होता का, आठवण दिल्यावर आठवलं का, आणि त्या दिवशी तिने काय व्यवस्थित केलं. ‘वय झालं’ हे शब्द त्या कागदावर वापरायचे नाहीत, एवढी एकच अट. कागद आईला आधी दाखवा, तिला काही खोडायचं असेल तर खोडू द्या. मग तो घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे डॉक्टर तुमच्याकडे बघून प्रश्न विचारू लागले, तर तुम्ही आईकडे बघा आणि तिला बोलू द्या.